मागची गाडी ट्राम की ट्रॉलीबस? जुन्या फोटोवरून कसं ओळखायचं

खानापूरच्या आत्यानं दिवाळीत पत्र्याची ट्रंक उघडली आणि मुंबईत गिरणीत असलेल्या काकांचा फोटो निघाला. मागं एक गाडी. आत्या म्हणाली, "ट्राम हाय ती." मी बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं मोटर वायंडिंग केलंय, माझी नजर आधी तारांवर गेली.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. वरच्या तारेतून वीज घेणारे दांडे टपावर किती ते मोजा. मुंबईच्या ट्रामला एक तार पुरायची, कारण करंट मोटरमधून चाकांत आणि रुळांतून परत जायचा. ट्रॉलीबस म्हणजे तारेवरच्या विजेवर धावणारी बस. तिला रबरी टायर, म्हणजे खालची वाट बंद. म्हणून परतीची तारही वरच, आणि दांडे दोन.

दांडे दिसत नसतील तर तारा बघा, पण घाई नको. जायचा एक आणि यायचा एक असे दोन ट्राममार्ग असलेल्या रस्त्यावर ट्रामच्याही दोन तारा असतात, प्रत्येक मार्गावर एक, लांब लांब. ट्रॉलीबसच्या तारा जोडीनं जवळजवळ जातात. दुहेरी रस्त्यावर एकूण चार. नुसत्या रुळांवरून तर अजिबात ठरवू नका. ट्राम बंद झाल्यावरही रूळ कधी कधी रस्त्यात तसेच राहतात.

स्कॅन करायला देताना वरची कड कापू नका म्हणून बजावून सांगा. माझ्या पहिल्या प्रतीत दुकानदारानं फोटो 'नीट' करताना आभाळच उडवलं होतं, तारांसकट.

आता साल. मुंबईत ट्रॉलीबस गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ११ जून १९६२ ला सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ ला बंद पडली. विजेची ट्राम १९०७ पासून ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. तेव्हा एकाच फोटोत दोन्ही चालू दिसल्या तर जेमतेम पावणेदोन वर्षांतला फोटो समजा. दिल्लीचा असेल तर हिशेब वेगळा, तिथं ट्रॉलीबस १९३५ लाच आली होती.

पुढचं काम घरच्या माणसांचं. काकांच्या फोटोत दांडे दोन, म्हणजे ६२ ते ७१. आत्यानं चष्मा लावला, कडेला अर्धवट आलेल्या लुगड्याच्या काठावर बोट ठेवलं.

"ही काकू. ती मुंबईला गेली सासष्ट साली, भात कापून झाल्यावर."