आधी खडू, मग छिन्नी

आयटीआयला वायरमनची दोन वर्षं काढली की वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर कसा लावायचा, अर्थिंग कसं द्यायचं, दिव्यांना दीड स्क्वेअरची वायर आणि पॉवरला अडीचची, हे सगळं पोराला येतं. केलेल्या कामाचे पैसे कसे वसूल करायचे, हे मात्र कुठल्याच वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत. मी ते कुडाळ-मालवण पट्ट्यात 16 वर्षं घरं वायर करताना शिकलो, तेही पदरचे पैसे घालून.

माझं तिसरं-चौथं घर असेल. चाकरमान्याचं, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. पडवीत बसून बोलणं झालं: 48 पॉइंट (म्हणजे दिवा, पंखा, सॉकेटच्या जागा), मजुरी पॉइंटला 250 रुपये, माल मालकाचा. मालक मुंबईला गेला आणि कामावर लक्ष ठेवायला काका राहिले. काकांनी तुळशीकडे एक दिवा काढायला सांगितला. काकूंना मिक्सरसाठी ओट्यावर सॉकेट हवं होतं. मग मागीलदारी दिवा, देवघरात दोन, विहिरीवर पंपाची लाइन. मी प्रत्येक वेळी 'होय' म्हटलं आणि खाच मारली. शेवटी मोजले तर 63.

चतुर्थीला तीन दिवस असताना मालक रात्रीच्या गाडीने आला. झोप नाही, डोक्यावर माटवीपासून मखरापर्यंत सगळी कामं. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "48 ठरले होते मां? माका वाटला, वरचे तू असेच करून दिलंस." 15 पॉइंटचे 3,750 रुपये तिथेच गेले. वर काका म्हणतात, "तू काय भायरचो आसस? बघू मगे."

तेव्हा मी त्याला लबाड म्हणत गावभर फिरलो. आज तसं वाटत नाही. जादा काम काकांनी सांगितलं, पैसे पुतण्याचे, आणि पुतण्याला मी एकदाही फोन केला नव्हता. शिवाय एका बोर्डावर दोन सॉकेट असतील तर ते एक पॉइंट की दोन, हेसुद्धा आमचं बोललेलं नव्हतं.

आता मी आधी खडू काढतो, छिन्नी नंतर. पैसे देणारा माणूस सोबत घेऊन प्रत्येक खोलीत फिरायचं, जिथे पॉइंट तिथे भिंतीवर फुली आणि शेजारी नंबर. दिवा एक, पंखा एक, 16 अँपिअरचं सॉकेट वेगळ्या दराने, मेन लाइन लांबीच्या मीटरवर, हे फिरता फिरताच सांगायचं. भिंतींचे फोटो काढायचे आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे, खाली एकूण पॉइंट नि मजुरी लिहून. मालक मुंबईत असेल तर व्हिडिओ कॉलवर फिरवायचा. त्याचं 'ओके' येईपर्यंत छिन्नी पिशवीतच. नंतर काकूंनी सॉकेट मागितलं तर हसून म्हणायचं, "काकू, दादाला एक मेसेज टाकतो, लगेच करतो." निम्मे जादा पॉइंट तिथेच गळतात, उरलेल्यांचे पैसे मिळतात.

मालाची यादी द्यावी, माल मालकालाच आणू द्यावा. तांब्याचा भाव वर-खाली होतो. मालासकट उक्तं काम घेऊन वायरच्या गुंडाळ्या महागल्या तर मजुरी त्यातच बुडते. मजुरीचे तीन भाग करा: पाइप टाकून झाल्यावर, वायर ओढून झाल्यावर, फिटिंग झाल्यावर. शेवटचा भाग सगळ्यात लहान ठेवा. घरात उजेड पडला की वायरमनची आठवण कुणाला राहते?

पैसे अडले तर आधी का अडले ते बघा. एकाने माझे पैसे धरून ठेवले, कारण पावसात त्याचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, सारखा पडायचा. मी चार दिवस तणतणलो, मग जाऊन बघितलं तर बाहेरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी. बॉक्स मीच उलटा बसवलेला. दुरुस्त करून दिला, त्याच संध्याकाळी पैसे मिळाले. काहींकडे खरोखरच पैसा नसतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मच्छीमाराच्या दारात उभं राहून काय मिळणार? त्याच्याकडून नारळी पौर्णिमेनंतरची तारीख लिहून घ्यावी. आंबेवाल्याला हंगामाच्या आधी गाठू नये.

राहिले ते देऊ शकतात आणि देत नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या घरी मी रागाने गेलो आणि डीबीतले, म्हणजे मेन पेटीतले, एमसीबी (जादा भार आला की पडणारे स्विच) काढून आणले. माल त्याचा, घर त्याचं. पोलीस पाटलांनी बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर ते परत बसवायला लावलं, आणि माझ्या पैशांचा विषयच मागे पडला. तेव्हा बसवलेल्या कामाला हात लावू नका.

दुकानात दुरुस्तीला आलेल्या वस्तूचं वेगळं आहे. पंपाची मोटर रिवाइंड केली असेल, तर ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती आपल्याकडे ठेवता येते. 1872 च्या करार कायद्याचं 170 वं कलम तेच सांगतं. फक्त पैसे नंतर घ्यायचं आपण कबूल केलेलं नसावं, आणि काम वेळेत झालेलं असावं. ती मोटर विकायचा हक्क मात्र त्या कलमात नाही.

गावात तंटामुक्त समिती चालू असेल तर आधी तिथे जावं. चार माणसांत फोटो नि 'ओके' दाखवला की बहुतेकांचा आवाज खाली येतो. तिथे जमलं नाही तर तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती. लोकअदालतीसाठी दाखलपूर्व अर्ज तिथे देता येतो, कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. समोरचा आलाच नाही, तर दावा लावावा लागतो. काम पुरं झाल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते, 'पुढच्या चतुर्थीक देतंय' ऐकत ती घालवू नका.

ते 63 पॉइंटवाले काका गेल्या मे महिन्यात दुकानात आले. इन्व्हर्टर बसवायचा होता, वेगळी लाइन ओढायची होती. मी गेलो, पिशवीतून खडू काढला. काकांनी तो हातातून घेतला, सरबत आणायला सांगितलं आणि स्वतःच भिंतीवर फुल्या मारत सुटले. नऊ झाल्या. फोटो मुंबईला गेला, 'ओके' आलं, काम झालं त्याच दिवशी पैसे आले. जुन्या 3,750 चा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.