टर्बो गाडीचा इनटेक बदलायचाय? आधी नळीत पाणी भरा

माझ्या १.४ लिटर टर्बो पेट्रोल गाडीला पहिल्यांदा उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा) लावला तेव्हा टर्बोची, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या चाकाची, शिट्टी कानावर आली आणि मी खूश झालो. तीन दिवसांनी सिग्नलला थांबलो असताना ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) इनटेकच्या, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या, हवेचं तापमान पाहिलं. बाहेर ३१ अंश, आत ५८. बॉनेटखालची तापलेली हवाच मी इंजिनाला पाजत होतो.

टर्बोत हे जास्त महागात पडतं. साधारण १ बार बूस्टला (वातावरणाच्या वर दिलेला दाब) आणि टर्बोच्या ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरला (हवा दाबणारा भाग) हिशेब मांडून बघा: ३१ अंशांची हवा दाबली जाऊन १२६ अंशांच्या आसपास बाहेर पडते, ५८ अंशांची १६२ च्या आसपास. टर्बोत शिरताना २७ अंशांचा फरक, बाहेर पडताना ३६ चा. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातलं बरंच ओढून घेतो, पण सगळं नाही. म्हणून आता कुणी विचारलं तर मी बंद डब्याचाच इनटेक सुचवतो, ज्याचं तोंड ग्रिलच्या मागे, थंड हवेत असेल. उघडा कोन लावायचाच असेल तर बॉनेटच्या रबराला टेकणारी उष्णतारोधक पेटी त्याच्याभोवती हवीच. आणि तोंड बंपरच्या तळाशी नेऊ नका. साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना पाणी आत ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही.

पण खरेदीच्या आधी हवेला किती अडथळा होतोय ते मोजा. चारेक मीटर पारदर्शक नळी, एक फळी आणि रंग टाकलेलं पाणी एवढ्यावर काम होतं. नळी यू आकारात फळीवर बांधा, अर्धी भरा. एक टोक फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपवरच्या एखाद्या छोट्या तोंडाला जोडा, दुसरं उघडं ठेवा. पाण्याच्या वर दोन्ही बाजूंना किमान ४० सेंटिमीटर नळी मोकळी असू द्या आणि इंजिनाकडच्या बाजूला मध्ये एक रिकामी बाटली जोडा, म्हणजे पाणी टर्बोत जाणार नाही. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल द्या. दोन पातळ्यांतला फरक सोबत बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने अजिबात नाही. फरक जितका जास्त तितका अडथळा जास्त; १०० मिलिमीटर म्हणजे जवळपास १ किलोपास्कल दाब.

माझ्या गाडीत जुन्या फिल्टरला ४२० मिलिमीटर आले. नवा, साधा कागदी फिल्टर टाकला, ३०० झाले. मग फक्त मोजण्यापुरता डब्याच्या पुढचा स्नॉर्कल (डब्यात हवा आणणारी चपटी नळी) काढला, तर १९०. म्हणजे खरी अडचण फिल्टरच्याही आधी, त्या चपट्या नळीत होती. मी तिथे रुंद नळी बसवली आणि मूळ डबा तसाच ठेवला. हे आकडे माझ्या गाडीचे. तुमच्या गाडीत दोष वेगळ्या ठिकाणी सापडेल.

एवढ्याने काय मिळतं? ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेला बूस्ट गाठतोच, त्यामुळे हवेच्या वाटेतला अडथळा टर्बोच्या माथी बसतो. १ बार बूस्ट आणि हवेची वाट मोकळी असेल तर टर्बोतून निघणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचं गुणोत्तर १.९९, शिरतानाचा दाब ४ किलोपास्कलने कमी पडला की २.०७. तेवढ्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. अडथळा काढला की टर्बोवरचा हा जादा ताण कमी होतो. ताकदीत मोठी झेप मात्र साध्या इनटेकने येत नाही, त्याला ट्यूनिंग, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, लागतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट: मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर. तो ज्या नळीत बसतो तिच्या व्यासावर ईसीयूचं सगळं गणित उभं आहे. ७० ऐवजी ७६ मिलिमीटरची नळी घेतली की क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्के वाढतं. तेवढीच हवा हळू वाहते, सेन्सर कमी मोजतो, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ट्यून करणार नसाल तर मूळ व्यासच हवा. सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने आणि त्याच्या आधी जमेल तेवढा सरळ पाइप. मूळ जाळी असेल तर काढू नका, ती प्रवाह सरळ करते. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलात तर तेल हलक्या हाताने लावा. जास्तीचं तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. मी कागदी किंवा कोरडा सिंथेटिकच वापरतो, कारण त्यांतून धूळ कमी जाते, आणि लाखाहून जास्त आरपीएमने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या पात्यांना बारीक धूळही खाते.

बसवताना इंजिन थंड हवं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, सेन्सरचा प्लग तार न ओढता लॉक दाबून सोडवा. जुना पाइप निघताच टर्बोच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा आणि ते कापड डोळ्यांसमोर राहील इतकं मोठं घ्या. पडलेला एक स्क्रू पाती फोडतो. नवा पाइप आतून पुसून घ्या. टर्बोच्या आधी ओढ असते, म्हणून सिलिकॉन होज जाड, तारेचं किंवा थरांचं हवं. पातळ होज चोखलं जाऊन चपटं होतं. इथे साधे स्क्रू क्लॅम्प चालतात, टर्बोनंतर, बूस्टच्या बाजूला, टी-बोल्टचे मजबूत क्लॅम्प हवेत. ब्रीदर (इंजिनातली वाफ परत आणणारी नळी) आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हची (थ्रॉटल सोडल्यावर जास्तीचा बूस्ट सोडणारा) परतीची नळी सेन्सरनंतरच जोडायची. ती उघडी सोडली तर न मोजलेली हवा आत येते आणि मोजलेली बाहेर जाते.

गाडी सुरू करून ओबीडी रीडरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात टक्क्यांनी करत असलेली वाढ-घट) दोन-तीन दिवस बघा. आधीच्या आकड्याच्या आसपास राहिला तर ठीक. अधिक १० टक्क्यांच्या पुढे सरकू लागला, किंवा पी०१७१ (मिश्रण लीन असल्याचा) कोड आला, तर गळती शोधा. पाइपमध्ये धूर सोडून बघायची स्मोक टेस्ट सगळ्यात खात्रीची.

५०० किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळा. तेव्हाच फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये पांढरं कापड फिरवा. कापडावर धूळ दिसली तर फिल्टरचं रबर डब्यावर नीट बसलेलं नाही. ते बसेपर्यंत गाडी चालवू नका.