वाईत दुपारी जेवायचं असेल तर

पुण्याहून महाबळेश्वरमार्गे सायकलनं कोकणात उतरायचं ठरलं की पहिला मुक्काम वाईला ठेवावा. स्वारगेटपासून अंतर सुमारे ८८ किलोमीटर. ताशी १८ च्या वेगानं पाच तासही लागत नाहीत. तरी वीस जणांचा गट तीन वाजता, भुकेनं कावलेला पोहोचतो. वेळ चढावर जात नाही, थांब्यांवर जातो. दहा मिनिटांचा चहा पंचवीस मिनिटांचा होतो. असे पाच थांबे झाले की सव्वा तास गेला.

म्हणून थांबे आदल्या रात्रीच ठरवून ग्रुपवर टाका: जुना कात्रज बोगदा, नसरापूर फाटा (इथे नाश्ता, ३५ मिनिटं), शिरवळ, खंडाळा (साताऱ्याचं, लोणावळ्याचं नव्हे) आणि सुरूर फाटा. नाश्ता सोडला तर कुठेही दहा मिनिटांच्या वर नाही. निघायची वेळ पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाचला पेडलवर पाय. साडेपाचला घरातून निघणं नव्हे. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा प्रत्येकाच्या सायकलला हवाच.

पुढे लीडर, सगळ्यात मागे स्वीप. लीडर म्हणून सगळ्यात दमदार माणूस नेमू नका. हळू चालवणं ज्याला जमतं तो नेमा. स्वीपकडे पंप, दोन ट्यूब आणि टायर लिव्हर असतात, आणि तो शेवटच्या सायकलस्वाराच्या पुढे कधीच जात नाही. सपोर्ट टेम्पोनं सायकलींच्या मागे रांगत येऊ नये. हायवेवर हळू चालणाऱ्या गाडीला मागून धडक बसण्याची भीती असते. त्यानं पुढच्या थांब्यावर जाऊन रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभं राहावं.

शहरातून बाहेर पडताना नवले पुलाचा उतार टाळून कात्रजचा जुना घाट धरा. चढावर ज्यानं त्यानं आपल्या चालीनं यावं, बोगद्याशी सगळे एकत्र होतात. उतारावर मात्र दोन सायकलींत किमान १५ मीटर अंतर ठेवा. ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते आणि पॅड झिजतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नव्हे. हायवेला लागलात की एकेरी रांग. खड्डा दिसला की पुढच्यानं हातानं दाखवायचं, मागच्यानं तोच इशारा आणखी मागे पोचवायचा. सर्व्हिस रोड सुरक्षित वाटतो, पण तिथे उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्या आणि ट्रॅक्टर जास्त.

पंक्चर होणारच. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये रुततात आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर करतात. त्यामुळे ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, तार बोटात शिरेल. फडकं अडकलं तिथे तार किंवा बाभळीचा काटा सापडेल. पक्कडीनं ओढून काढा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर दोष काट्याचा नाही, कमी हवेचा: खड्ड्यात टायर दबून रिमनं ट्यूब चिमटलेली असते. ७०० × ३२ टायरमध्ये ७० किलोच्या माणसासाठी ६० ते ७० पीएसआय हवा ठीक, मागच्या चाकात थोडी जास्त. रस्त्यावर पॅच लावत बसू नका. ट्यूब बदला, पॅचचं काम मुक्कामावर: पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावा, ते वाळून चिकट होईपर्यंत थांबा, मग पॅच दाबा. ओल्यावरच लावलेला पॅच सुटतो.

टेम्पोत वेगवेगळ्या मापांच्या ट्यूब (प्रेस्टा म्हणजे बारीक आणि मोटरसायकलसारखा जाड, दोन्ही व्हॉल्व्हच्या), चेन तोडायचं टूल, गिअर आणि ब्रेकच्या केबल, ४, ५, ६ च्या ॲलन की ठेवा. डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) मात्र ज्याचा त्यानं आणावा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसेलच असं नाही, आणि सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तोच वाकतो.

तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट; तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी जायला हवं. ओआरएसची एक लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाला. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलात तर मळमळेल. तासाला एक-दोन केळी किंवा खजूर. नाश्त्याला पोहे, उपमा, इडली. झणझणीत मिसळीचा मोह वाईत पोहोचल्यावर पुरवा. खंडाळ्यानंतरच्या खंबाटकी घाटाच्या चढावर तिचा रस्सा घशाशी येतो.

खंबाटकीत चढाच्या आधीच हलका गिअर टाका. जोर लावलेला असताना बदलला तर चेन उतरते. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवून गुडघा सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवल्यावर तो आपोआप किंचित वाकतो. पॅडवाल्या चड्डीखाली दुसरी चड्डी नको, शिवण घासून जखमा होतात.

सुरूर फाट्यावर हायवेचे ट्रक सुटतात आणि वाईपर्यंतचा रस्ता निवांत असतो. साडेबारापर्यंत पोहोचलात तर जेवून, आधी चेन पुसून तेल द्या, मग झोपा. उद्या सकाळी पसरणी घाट आहे: दहा-बारा किलोमीटरमध्ये जवळजवळ ६०० मीटर चढ.