दोन टोकांमधले साधारण विभाज्य मोजताना

भरतीच्या अंकगणितात हा प्रश्न हमखास भेटतो: २०० ते ६०० मधल्या किती संख्यांना ४, ५ आणि ६ या तिन्हींनी निःशेष भाग जातो? नवखे विद्यार्थी २४०, ३०० अशी यादी करत बसतात, नाहीतर ४×५×६ = १२० धरून उत्तर ४ काढतात. त्यात ३००, ४२० आणि ५४० गळतात.

जी संख्या तिन्हींच्या पाढ्यात येते, ती त्यांच्या लसाविच्या (लघुत्तम साधारण विभाज्याच्या) पाढ्यात असतेच. इथे लसावि ६०. मग कामाचं एवढंच: ६० ने भागून ६०० पर्यंत विभाज्य १०, १९९ पर्यंत ३, वजाबाकी ७. ताळा करायचा तर पहिला २४०, शेवटचा ६००.

खालचं टोक २०० असताना १९९ ला का भागायचं, हे मात्र नीट समजून घ्या, कारण गुण इथेच जातात. आपल्याला टोकाच्या अलीकडचे विभाज्य काढून टाकायचे आहेत, टोक स्वतः नाही. २०० ला भागलं तरी ३ च येतात, म्हणून चूक लपून राहते. तेच टोक १८० करून बघा. १७९ पर्यंत २ विभाज्य, म्हणून उत्तर ८. १८० ला भागलंत तर १८० हीच संख्या उडते आणि ७ येतात. दोन टोकांतला फरक ४०० घेऊन त्याला ६० ने भागणं तर सोडूनच द्या; तिथे ६ येतात, खरं उत्तर ७ आहे. 'पेक्षा मोठ्या' आणि 'पेक्षा लहान' असे शब्द असतील तर टोकं धरायची नाहीत, म्हणून प्रश्न दोनदा वाचा.

बाकी दिली असेल तर आधी ती दोन्ही टोकांतून वजा करा. ६, ८, ९ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते अशा तीन अंकी संख्या किती? लसावि ७२. १०० ते ९९९ चं झालं ९५ ते ९९४. ९९४ पर्यंत १३, ९४ पर्यंत १, उत्तर १२. पहिली संख्या १४९, शेवटची ९४१.

'आणि'च्या जागी 'किंवा' आलं की लसाविचे विभाज्य वजा होतात. १ ते ३०० मध्ये ४ किंवा ६ ने भाग जाणाऱ्या संख्या ७५ + ५० − २५ = १००. ते २५ म्हणजे १२ चे विभाज्य, दोन्हीकडे मोजले गेलेले.

घंटांच्या गणितात शून्य विसरू नका. ६, ८ आणि १२ मिनिटांनी वाजणाऱ्या घंटा सकाळी ८ ला एकदम वाजल्या, तर १२ वाजेपर्यंत एकूण किती वेळा एकत्र वाजतील? २४० मिनिटं भागिले लसावि २४ म्हणजे १०, आणि ८ वाजताची पहिली धरून ११. 'त्यानंतर किती वेळा' विचारलं असेल तरच १०.