नेट बंद पडलं? रिसेटचं बटण दाबायच्या आधी हे बघा

नेट गेलं की बऱ्याच जणांचा हात आधी राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकाकडे जातो, पिन घालून रिसेट मारायला. प्लीज ते सगळ्यात शेवटी करा. रिस्टार्ट म्हणजे नुसतं बंद करून चालू करणं, त्यात सेटिंग जसंच्या तसं राहतं. रिसेट म्हणजे राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, वायफायचं नाव पासवर्ड तर जातोच पण तुमचं कनेक्शन पीपीपीओईवर, म्हणजे कंपनीने दिलेल्या लॉगिनने चालणारं, असेल तर त्याचा युजरनेम पासवर्डही पुसला जातो, आणि तो तुमच्याकडे लिहून ठेवलेला नसेल तर लाईन ठणठणीत असूनही कंपनीला फोन केल्याशिवाय नेट येत नाही. म्हणून हे दोन्ही आजच एका कागदावर लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. बिघाड चारच ठिकाणी असू शकतो, बाहेरून येणारी लाईन, राउटर, वायफाय, किंवा तुमचा फोन लॅपटॉप. नक्की कुठे ते आधी शोधा, उपाय नंतर. नाहीतर फोनमध्ये लोचा असतो आणि आपण तासभर राउटरशी झटत बसतो.

पहिलं बघायचं ते लाईट. फायबर असेल तर एलओएस नावाचा लाईट लाल दिसतोय का बघा, लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे वायर तुटलीय, मुडपलीय किंवा कनेक्टर सैल झालाय, आणि तिथे राउटरचं कुठलंही सेटिंग बदलून काही होणार नाही. कपाटामागे किंवा दाराच्या फटीत वायर दबली नाही ना ते बघा, फायबरला घट्ट वळण अजिबात सोसत नाही, आतली काच तुटते किंवा प्रकाश वळणातच बाहेर निसटतो. आणि एक, ती वायर काढून तिच्या तोंडात डोळा लावून बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. लाल लाईट नाही पण नेट वरचेवर तुटतंय, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा मिळतो का बघा. घरोघरी असतं त्या नेहमीच्या जीपॉन प्रकारच्या फायबरला तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मधे हवा, उणे २८, २९ दिसला तर सिग्नल कमजोर आहे आणि हा आकडा कंपनीला सांगितलात की पुढचं बोलणं बरंच सोपं होतं. हे पान ब्राउझरमध्ये बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर उघडतं, पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.

लाईट सगळे हिरवे असतील तर रिस्टार्ट करा, पण नीट करा. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा, आणि लावल्यावर दोन तीन मिनिटं त्याला हात लावू नका. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा चालू करा, त्याचे लाईट स्थिर झाले की मग राउटर.

तरीही नाही? मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. मला विचाराल तर सगळ्यात कामाची चाचणी हीच. केबलवर नेट मस्त चालतंय आणि वायफायवर नाही, म्हणजे लाईन आणि कंपनी दोघंही सुटले, दोष वायफायचा. केबलवर पण नाही तर वायफायच्या मागे लागूच नका.

वायफाय स्लो असेल तर आधी राउटरची जागा बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, फिश टँकजवळ ठेवला असेल तर बाहेर काढा, धातू आणि पाणी सिग्नल अडवतात. घराच्या मधे, उघड्यावर, जरा उंच. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दी फार, मायक्रोवेव्ह पण तिथेच धिंगाणा घालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण दोन भिंतींत दमतं. राउटरजवळ बसत असाल तर ५ वर जा, आणि २.४ वापरायचंच असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो लावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

स्पीड केबलवर बरोबर ९४, ९५ एमबीपीएसवर अडकतो आणि प्लॅन मात्र ३०० चा? केबल बघा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या कनेक्शनला, केबलच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, एखादी तार तुटली की कनेक्शन गुपचूप १०० वर उतरतं. राउटरचं पोर्टच १०० चं असू शकतं, तेही तपासा.

व्हॉट्सअ‍ॅप चालतंय पण वेबसाईट उघडत नाहीत, असं असेल तर बहुतेक वेळा डीएनएसची, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची, गडबड असते, सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, वायफाय फर्गेट करून परत जोडा. फक्त एकाच फोनवर प्रॉब्लेम असेल तर व्हीपीएन चालू नाही ना आणि तारीख वेळ बरोबर आहे ना ते बघा, घड्याळ चुकलेलं असलं की सुरक्षित साईट उघडत नाहीत.

राउटर आपोआप बंद चालू होत असेल तर अ‍ॅडॅप्टर बघा, तो थकला की असंच होतं. नवीन घेताना व्होल्ट अगदी तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. राउटर हाताला चटका बसेल एवढा तापत असेल तर वरचं कापड, वह्या, जे काय असेल ते काढा, त्याला हवा लागू द्या.

एवढं करून कंपनीला फोन लावायचाच झाला तर कुठला लाईट कसा आहे, केबलवर चालतंय का नाही, आणि नेट कधीपासून गेलंय हे लिहून जवळ ठेवा, म्हणजे त्यांच्या तेच ते ‘रिस्टार्ट करा’ मधून पुढे जाऊन थेट माणूस पाठवायला सांगता येतं.