एकसष्ट जणांना दहापैकी दहा

सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) सुटली, तासिका तत्त्वावर का होईना पण कॉलेजात लागलात, अभिनंदन. आता पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रोजेक्टरची केबल हातात ठेवून म्हणेल, "तुम्ही नवीन पिढीचे, आयसीटीचं तुम्हीच बघा." आयसीटी म्हणजे शिकवण्यात संगणक-इंटरनेट वापरणं. मलाही असंच म्हणाले होते. मी हुरळून गेलो.

माझा विषय अर्थशास्त्र, वर्ग एफवायबीकॉमचा. शेजारच्या वर्गात गणिताचे सर तास संपताना गूगल फॉर्मवर दहा प्रश्नांची क्विझ घ्यायचे. ती मी जशीच्या तशी उचलली. मागणीचा नियम शिकवला आणि रात्री आठला लिंक टाकली. चौसष्टपैकी एकसष्ट जणांना पैकीच्या पैकी! तो हिरवागार आलेख मी विभागाच्या बैठकीतही दाखवला. आज आठवलं की कान गरम होतात.

महिन्याने अंतर्गत परीक्षेत प्रश्न होता: कांदा किलोला 20 रुपयांवरून 60 वर गेला तर मागणी वक्राचं, म्हणजे कोणत्या भावाला किती माल मागतील हे दाखवणाऱ्या रेघेचं, काय होईल? अर्ध्याहून जास्त वर्गाने अख्खा वक्र उचलून डावीकडे सरकवला. भाव बदलला की आपण त्याच वक्रावर वर-खाली होतो. तो विस्तार किंवा संकोच. वक्र जागचा हलतो तो उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूचा भाव असलं काही बदललं की. ती वाढ किंवा घट. नेमकं हेच क्विझमध्ये तीनदा विचारलं होतं.

झालं काय होतं, ते नीट वाचा. गूगल फॉर्म क्विझ म्हणून बनवला की गुण सबमिट करताक्षणी दाखवायचं सेटिंग आधीपासून चालूच असतं, सोबत बरोबर उत्तरंही. म्हणजे पहिल्या पोराने काहीही टिचक्या मारून फॉर्म पाठवायचा, उत्तरांचा स्क्रीनशॉट काढायचा आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. उरलेल्या साठ जणांचं पाच मिनिटांत काम. ते सेटिंग बदलून 'नंतर, तपासल्यावर' असं करा आणि बरोबर उत्तरांवरची खूण काढा. मग फॉर्म ईमेल गोळा करायला लागतो. पोरांकडे ईमेल असतो, पासवर्ड नसतो. पहिला तास त्यातच जाईल, जाऊ द्या.

पण खरी चूक सेटिंगची नव्हतीच. गणिताचे सर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची वही उघडून पायऱ्या बघायचे. त्यांची क्विझ म्हणजे नुसती हजेरी होती. मी फॉर्म पाहिला, वही पाहिली नाही. दुसऱ्या विषयाचं साधन उसनं घेताना त्याच्या मागेपुढे ते शिक्षक काय करतात, हे त्यांच्या वर्गात बसून बघा. लाज वाटली तरी बसा.

रसायनवाले व्हर्च्युअल लॅबवर टायट्रेशनचा प्रयोग आधी करून घेतात, म्हणून खऱ्या प्रयोगशाळेत ब्युरेट (त्याची काचेची मापनळी) कमी फुटतात. भूगोलाला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हवंच. आमच्या मराठीच्या मॅडम तर स्लाइड लावतच नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या लावून मॅडम दिवे मालवतात. मी त्याच ओव्या पीपीटीवर छापल्या असत्या.

ग्रुपवर फिरणाऱ्या तयार पीपीटींबद्दल माझं मत वाईट आहे. आलेख आयता पडद्यावर आला की पोरं फोटो काढतात. निवृत्तीला आलेले आमचे एक सर रंगीत खडूने तोच आलेख रेघ रेघ काढायचे, तेव्हा पोरांचे हात वहीत चालायचे. पुण्यात गुरुवार हा महावितरणचा वार. त्या दिवशी वीज गेली की मी हातावर हात धरून बसायचो आणि सरांचा तास सुरूच. मला सगळ्यात जास्त त्यांनी शिकवलं, फॅकल्टी डेव्हलपमेंटच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या, प्रमाणपत्रांनी नाही. ती प्रमाणपत्रं फाइलला लावा, लागतात.

आता मी जिओजेब्रा या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्लायडर (सरकत्या कळा) ठेवतो, एक भावाचा, एक उत्पन्नाचा. पण ते हलवण्याआधी कांद्याचा प्रश्न विचारतो. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर 1991 पासून हेच करत आले: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. गुण नाहीत, त्यामुळे स्क्रीनशॉटलाही किंमत नाही. पहिल्या फेरीत वर्ग हमखास चुकतो. घाबरू नका, तुमचं शिकवणं वाईट नाही. तास तिथूनच सुरू होतो.

यासाठी मी प्लिकर्स या अॅपची छापील कार्डं वापरतो, ती फोनच्या कॅमेऱ्याने वाचली जातात. कार्डाची जी बाजू वर धरली ते उत्तर, आणि फोन लागतो फक्त आपला. गावाकडून आलेल्या, डेटा संपलेल्या पोरालाही मत देता येतं. फक्त कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. ट्यूबलाइट चमकते आणि मागच्या बाकावरची कार्डं कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. माझा पहिला संच असाच वाया गेला. साधा जाड कागद पुरतो.