रोबॉट किटला एअरब्रशने रंग द्यायचाय? बडोद्यातून लिहितोय

पहिलं किट, म्हणजे जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल, १/१४४ स्केलचंच (मूळ आकाराच्या १४४ व्या भागाएवढं) घ्या, छोटं असतं, बिघडलं तरी जीव जळत नाही. पार्ट्स फ्रेममधून कापले की कापल्याची खूण आधी ४०० आणि मग ८०० च्या पॉलिश पेपरने घासा, नंतर भांड्यांच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा, कारण प्लास्टिकवर हाताचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) ०.३ मिमी नोझलचा, प्रेशर १५ ते २० पीएसआय. आता खरी गोष्ट म्हणजे थिनर घालून रंग पातळ करणं, इथेच सगळे अडकतात. रंग दुधाइतका पातळ हवा, कपच्या कडेवरून सरकन ओघळून मागे हलकी फिल्म राहिली पाहिजे. जाड राहिला तर पार्टवर खरखरीत धूळ बसल्यासारखं दिसतं, जास्त पातळ झाला तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरतात. आधी जुन्या प्लास्टिकच्या चमच्यांवर हात बसवा, मी दांडिया बाजारच्या घरी गच्चीवर बसून डबाभर चमचे रंगवले आणि त्याचा खूप फायदा झाला.

प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी मारायचा थर), मग रंगाचे तीन-चार पातळ हात. मेटॅलिक करायचं असेल तर खाली ग्लॉस काळा मारा, चमक वेगळीच येते!

आपल्याकडे पावसाळ्यात लॅकर (थिनरवाला, झटकन वाळणारा रंग) मारू नका, हवेतल्या ओलीने रंग पांढुरका पडतो, उत्तरायणच्या आसपासची कोरडी हवा उत्तम. आणि थिनरसाठी गॅस फिल्टरवाला मास्क हवाच, साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.